डब्यावरचा त्रिकोण

शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. पिकाच्या दृष्टीने ते औषध असेलही. फवारणाऱ्याच्या शरीरात मात्र ते विषाचेच काम करते. माणूस हा सस्तन प्राणी. कीटकाहून तो कितीतरी वेगळा असला, तरी दोघांच्या मज्जातंतूंचे कार्य पुष्कळ अंशी सारख्याच रसायनांवर चालते.

मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नेण्याचे काम ॲसिटिलकोलीन हे रसायन करते. संदेश पोहोचताच एक विकर त्याचे विघटन करते व स्नायू सैल पडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके हे विकरच निकामी करतात. मग डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, लाळ व घाम सुटतो, स्नायू थरथरतात आणि अखेर श्वास कोंडतो.

शरीरात शिरलेल्या विषाचे रूपांतर मुख्यतः यकृत करते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मॅलॅथिऑनचे विघटन सस्तन प्राणी झपाट्याने करतात, कीटकांना ते तितकेसे साधत नाही. म्हणून ते आपल्याला तुलनेने कमी घातक ठरते. पॅराथिऑनचे मात्र यकृतातच अधिक जहाल रूप तयार होते.

हे सारे आधी जाणून घेण्यासाठी उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवर तपासणी करतात. अशा तपासण्या करणारी प्रयोगशाळा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातही आहे. प्राण्यांना ठरावीक मात्रा देऊन त्यांचे वजन व रक्त तपासतात. नंतर यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

ज्या मात्रेने निम्मे प्राणी दगावतात, तिच्यावरून डब्यावरील त्रिकोणाचा रंग ठरतो. पोटात गेलेली ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असल्यास लाल, 51 ते 500 असल्यास पिवळा, 501 ते 5000 असल्यास निळा आणि त्याहून अधिक असल्यास हिरवा. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा आला.

तरीही 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. फवारा तोंडावर येत होता. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र केली होती. प्रयोगशाळेत मात्रा मोजून देतात. शेतात ती घामाने भिजलेल्या कपड्यांतून, श्वासातून, न मोजता शरीरात जाते. मजुराच्या पाठीवर तर भरलेला पंपच येतो. डबा त्याच्या दृष्टीस पडतोच असे नाही.

म्हणून फवारणीपूर्वी त्रिकोणाचा रंग मजुराला दाखवणे, हे काम देणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. मळमळ किंवा अंधुक दिसणे सुरू होताच काम थांबवावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. विषाचे नाव कळले, तर ॲट्रोपिनसारखा योग्य उपचार वेळेवर सुरू होतो.

पाठगत प्रश्न
1. कीटकांना मारणारे रसायन माणसालाही का बाधते?
2. लाल व हिरव्या त्रिकोणांतील फरक स्पष्ट करा.
3. प्रयोगशाळेतील मात्रा व शेतातील मात्रा यांत कोणता फरक आहे?