सराफाचा हिरा, विज्ञानाचा हिरा

जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती दूरवर पोहोचलेली आहे. तेथे हिऱ्याचे मोल ठरते ते त्याच्या तेजावरून. खानदेशातून वाहत जाणारी तापी पुढे ज्या सुरत शहराजवळून समुद्राला मिळते, तेथे हिऱ्यांना पैलू पाडण्याचा मोठा उद्योग असून प्रयोगशाळेत हिरे तयारही केले जातात. अशा हिऱ्यांसाठी दागिन्यांपलीकडचे एक नवे क्षेत्र आता खुले होत आहे. ते क्षेत्र म्हणजे एकात्मिक प्रकाशिकी.

प्रकाशाचे पाट

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने बंधाऱ्याचे पाणी पाटांतून शेतोशेती पोहोचविले जाते. एकात्मिक प्रकाशिकीत प्रकाशाची अशीच वाटणी होते. नखाएवढ्या चकतीवर केसाहूनही बारीक वाहिन्या कोरून त्यांतून प्रकाश वळविला, विभागला व पुन्हा एकत्र आणला जातो. पाण्याला पाटाचे काठ आवरतात. प्रकाशाला अपवर्तनांकातील फरक आवरतो. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४, तर साध्या काचेचा सुमारे १.५ असतो. त्यामुळे काचेसारख्या पायावरील हिऱ्याच्या वाहिनीत शिरलेला प्रकाश काठांवरून परावर्तित होत आतच राहतो. पैलूदार हिरा लखलखतो, तोही याच गुणामुळे. शिवाय हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णतावाहक असल्याने लेसर किरणांची उष्णता त्यात साचून राहत नाही.

दोष तोच गुण

हिऱ्यातील पिवळसर झाक सराफ उणेपणाची मानतो. ती बहुधा नत्राच्या अणूंमुळे येते. परंतु नत्राचा अणू आणि त्याच्या शेजारी कार्बनच्या अणूची रिकामी जागा अशी जोडी जमली, की हिरवा प्रकाश पडताच ती तांबडा प्रकाश देते. सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने या प्रकाशातील चढउतार मोजून अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र ओळखता येते, आणि तेही सामान्य तापमानात. केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. मुंबईच्या आयआयटीमध्ये अशा हिऱ्यांच्या संवेदकांवर संशोधन झाले आहे.

मार्गातील अडचणी

हिरा अतिकठीण असल्याने त्यावर वाहिन्या कोरणे सोपे नाही. त्यासाठी ऑक्सिजनच्या प्लाझ्माचा उपयोग करतात. एकसंध स्फटिकाचे मोठे व पातळ पापुद्रे मिळविणेही दुष्कर आहे. मात्र मिथेन व हायड्रोजन वायूंपासून हिरा वाढविताना नत्राचे प्रमाण हवे तसे राखता येते, हे या पद्धतीचे बलस्थान होय.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या तरुणांनी या विषयाकडे अवश्य वळावे. सराफाच्या पारखीत जे उणे ठरते, तेच त्यांच्या प्रयोगशाळेत मोलाचे ठरू शकते.