गोवा विद्यापीठाचा फुटबॉल : सामर्थ्य आणि अपेक्षा

गोमंतकाच्या ग्रामजीवनात फुटबॉलला जिव्हाळ्याचे स्थान आहे. भातकापणी आटोपली की मोकळ्या शेतांतून मुलांचे सामने रंगू लागतात. राज्य शासनाने २०१२ साली या खेळाला राज्यक्रीडेचा मान दिला. १९८२-८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि त्यानंतर १९८३-८४, १९८९-९०, २००५-०६ व २००८-०९ या वर्षी गोव्याने संतोष चषक पटकाविला. या परंपरेच्या मानाने, १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाचा संघ कोठे उभा आहे, याचा विचार करणे उचित ठरेल.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत गोव्याला प्रथम पश्चिम विभागात खेळावे लागते. तेथे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारखे प्रतिस्पर्धी आहेत. कोल्हापुरात पेठापेठांतील तालीम मंडळांनी फुटबॉल जोपासला असून शाहू स्टेडियमवरील सामन्यांना हजारोंची गर्दी लोटते. विभागीय फेरी पार केल्यावर गाठ पडते ती दक्षिणेकडील बलाढ्य संघांशी. आशुतोष मुखर्जी चषक अनेकदा जिंकणारे केरळमधील कालिकत विद्यापीठ त्यांत अग्रगण्य होय.

संख्याबळात गोव्याची तुलना होऊ शकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख होती. कालिकतच्या क्षेत्रातील एकट्या मलप्पुरम जिल्ह्याची एक्केचाळीस लाखांहून अधिक. तथापि कालिकतचे यश केवळ संख्येचे नाही. तेथे क्रीडा राखीव जागांतून खेळाडूंना महाविद्यालयात प्रवेश मिळतो आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ घडतो.

गोव्यात गुणी मुलगा बहुधा गावच्या मैदानावरून थेट क्लबकडे वळतो. ज्या वयात महाविद्यालयाचे शिक्षण घ्यावयाचे, त्याच वयात क्लबचा करार पुढे येतो. सराव आणि तासिका यांची वेळ जुळत नाही, हजेरी कमी पडते आणि शिक्षण अर्धवट राहते. पुढे दुखापतीने खेळ थांबला, तर हाती पदवीही नसते. यात विद्यापीठाचा संघ दुबळा होतो. परंतु खरी हानी त्या तरुणाची होते.

गोव्याचे क्षेत्र अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. बहुतेक महाविद्यालयांतील खेळाडू एका दिवसात एकाच मैदानावर येऊन सायंकाळी घरी परतू शकतात. ही सोय मोठ्या विद्यापीठांना नाही. प्राचार्यांनी सरावाची वेळ सांभाळून तासिका आखल्या, क्लबांनी परीक्षाकाळात खेळाडूंना मोकळीक दिली आणि पालकांनी चेंडू व पुस्तक यांना परस्परांचे वैरी मानले नाही, तर गावच्या मैदानावरील गुण विद्यापीठाच्या संघात निश्चितच उतरेल.