पोल घेताय? आधी व्यास ठरवा, मग पैसे द्या

घरी पोल डान्सच्या सरावासाठी पोल लावायचा म्हटलं की विक्रेता आधी चकाकी दाखवतो, रंग दाखवतो, पोल गरागरा फिरवून दाखवतो. तुम्ही पहिला प्रश्न व्यासाचा विचारा. व्यास चुकला तर मुख्य नळ्याच नव्याने घ्याव्या लागतात, आणि ४० मिमीचं एक्स्टेंशन ४५ च्या पोलला बसत नाही.

बाजारात ३८, ४०, ४२, ४५ आणि ५० मिमी असे व्यास मिळतात. ४० आणि ४५ मधला फरक कागदावर पाच मिमी दिसतो, पण घेर दीड सेंटीमीटरहून जास्त वाढतो आणि बोटांना तो पहिल्याच लटकण्यात कळतो.

स्पर्धेत उतरायचं असेल तर ४५ घ्या. आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघाच्या स्पर्धांमध्ये ४५ मिमीचेच पोल असतात, एक स्थिर आणि एक फिरता. म्हणून घरचा पोल दोन्ही प्रकारे वापरता येणारा हवा. इतर आयोजकांचे नियम वेगळे असू शकतात. प्रवेश शुल्क भरण्याआधी नियमपुस्तिकेत व्यास, उंची आणि धातू हे तीन शब्द शोधा. सापडले नाहीत तर आयोजकांकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. शुल्क परत मिळेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

स्पर्धा नको, फक्त सराव हवा, हात लहान आहेत, मूठ लवकर सुटते? मग ४० किंवा ४२ चा विचार जरूर करा. मात्र बारीक पोल हाताला सोपा असला तरी गुडघ्याच्या खाचेत आणि मांडीला जास्त रुततो, कारण तेवढंच वजन कमी जागेवर येतं. मूठ आवळल्यावर नखं तळव्यात घुसत असतील तर पोल तुम्हाला बारीक आहे. बोटं आणि अंगठा यांत मोठं अंतर राहत असेल तर जाड. ही परीक्षा दुकानात उभ्याने करू नका. ज्या स्टुडिओत वेगळा व्यास आहे तिथे एक-दोन सुटे तास घ्या, हात घामेजले की पुन्हा पकडून बघा. दहा तासांचं पॅकेज गळ्यात मारू पाहतील. त्याची मुदत किती आणि चुकलेला तास भरून मिळतो का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि तुमचा स्टुडिओ ४५ चा असेल तर घरीही ४५ च ठेवा. नवशिक्याने दोन मापांत हात अडकवू नये.

आता सगळ्यात महागात पडणारी पळवाट: ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पाइप कापून घेणं. तिथे मापाचीच गफलत होते. ‘दीड इंची’ मागितलीत आणि त्याने पाण्याच्या लाइनचा पाइप दिला, तर बाहेरचा व्यास ४८.३ मिमी निघतो, कारण ते माप आतल्या पोकळीवरून पडलेलं नाव आहे. रेलिंगची नळी दिली तर तीच ‘दीड इंची’ ३८.१ मिमी. सव्वा इंची पाइप ४२.४ चा. नेमका ४५ यातला एकही नाही. शिवाय रेलिंगची नळी बरेचदा पातळ असते. ती जिन्यावर हात टेकवायला बनवलेली असते. उलटं लटकून झोका घेणाऱ्या माणसासाठी नाही. वाकलेल्या नळीवरून डोक्यावर पडाल. दोन-चार हजार वाचवायला हा मार्ग धरू नका, हे मी कळकळीने सांगते.

विकत घेतलेला पोलही स्वतः मोजा. व्हर्निअर नसेल तर शिंप्याची टेप पुरते. घेर १२.६ सेंमी भरला तर ४० मिमी, १३.२ तर ४२, १४.१ तर ४५, १५.७ तर ५०. जुना पोल घेताना सांध्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा. वेगवेगळ्या सेटचे तुकडे जोडून विकलेले असतील तर तिथेच उघड होतं.

खर्चाचं गणित असं. परदेशी नामांकित कंपन्यांचा स्थिर-फिरता सेट साधारण ३०० ते ४५० डॉलर, म्हणजे पंचवीस ते चाळीस हजार रुपये. हा झाला वेबसाइटवरचा आकडा. वर जड पेटीचं विमानभाडं, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियरचं हाताळणी शुल्क. ऑर्डरआधी ‘दारात पोहोचेपर्यंत एकूण किती’ हे लेखी घ्या. आधार किंवा पॅनची प्रत तयार ठेवा. केवायसी अडली की पेटी अडते. खाली अंथरायची जाड मॅट बहुधा वेगळी घ्यावी लागते. ती टाळू नका.

छताची उंचीही आधीच मोजा, फरशीपासून स्लॅबपर्यंत. बऱ्याच सेटची मूळ पोहोच सव्वादोन ते पावणेतीन मीटर असते. तुमचं छत त्याहून उंच असेल तर एक्स्टेंशन लागेल, त्याच व्यासाचं, आणि त्याचे पैसे वेगळे. पोल दाबावर उभा राहतो, म्हणून वर पक्का स्लॅब हवा. पीओपीचं खोटं छत चालत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर छतावरच्या गोल डागापोटी अनामत कापली जाईल.

फिनिश निवडताना हवामान बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पितळेला पकड चांगली, पण ते काळवंडतं आणि हाताला वास लागतो. निकेलची ॲलर्जी असेल तर क्रोमपासून लांब राहा, स्टेनलेस स्टील विचारा. पावडर कोटिंग घट्ट धरतं, पण घसरत खाली येताना कातडी सोलवटते.

मल्लखांबातून येत असाल तर एक सूचना. लाकडी मल्लखांब बुंध्याशी साधारण ५५ सेंमी घेराचा आणि वर निमुळता असतो. त्यावर मूठ वळत नाही, मांड्यांची अढी लागते. पोलवर ती ताकद कामाला येईल, पण मूठ आणि मनगट नव्याने तयार करावं लागेल. अंगावर एरंडेलाचा थोडाही अंश असेल तर त्या दिवशी पोलला हात लावू नका.