माझं मशीन बरोबर होतं

एकाच नोटबुकमध्ये एसक्यूएल, पायथॉन आणि आर चालवण्याला माझा विरोध नाही. हे आधीच सांगते, कारण ऑफिसमध्ये तसं पसरवलं गेलं आहे. डेटाबेसमधून माहिती काढायला एसक्यूएल, साफसफाईला पायथॉनचं पांडाज, आलेखांना आरचं जीजीप्लॉट. ज्याचं काम त्याला द्यावं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. नोटबुक एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत न चालवता 'फायनल' म्हणून पाठवायचं आणि आकडे जुळले नाहीत की खापर समोरच्याच्या मशीनवर फोडायचं.

काम ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांचं होतं, लाख लोकसंख्येमागे किती ते काढायचं. सीनियरनी पाठवलेलं ज्युपिटर नोटबुक मी कर्नल रीस्टार्ट करून पूर्ण चालवलं, तर दर त्यांच्या रिपोर्टपेक्षा बराच जास्त आला. वागळे इस्टेटच्या ऑफिसात, क्लायंटच्या माणसांसमोर, मी ते सांगितलं. सीनियर म्हणाले, "तुझं आरचं व्हर्जन जुनं असेल. आधी स्वतःचं सेटअप नीट कर." मी म्हटलं, "सर, एकदा तुमच्याकडे रीस्टार्ट करून बघू या का?" तर म्हणाले, "चालतंय ते कशाला मोडायचं?" बाकीचे आपापल्या फोनमध्ये बघत राहिले.

परतताना कल्याण लोकलमध्ये उभ्या उभ्या माझे दर त्यांच्या दरांनी भागले. दवाखाना कुठल्याही प्रकारचा घ्या, उत्तर १.३७. व्हर्जनचा घोळ इतका शिस्तीत होत नाही. म्हणजे छेदच वेगळा होता! २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १,१०,६०,१४८. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि वसईपासून मोखाड्यापर्यंत आठ तालुके तिकडे गेले. उरलेल्या सात तालुक्यांची त्याच जनगणनेतली लोकसंख्या ८०,७०,०३२. भागून बघा. दवाखाने आजच्या ठाण्यातले आणि लोकसंख्या जुन्या अखंड जिल्ह्याची, असा तो रिपोर्ट होता.

दुसऱ्या दिवशी सरांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच चालू सेशनमध्ये, एकाखाली एक दोन सेल लिहिले. तालुक्यांच्या टेबलात पायथॉनच्या मते ओळी किती? ७. त्याच नावाच्या टेबलात आरच्या मते? १५.

पायथॉनमधून आरच्या सेलला टेबल दिलं की तिकडे त्याची प्रत जाते. त्यांनी आधी पंधरा तालुके दिले, पालघर वगळणारा सेल मागाहून वर घातला आणि तेवढाच चालवला. आरकडे जुनी प्रत तशीच राहिली. नाव तेच, म्हणून एररही नाही. सेलच्या कंसातले आकडे वरून खाली क्रमाने नव्हते, तेवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. सर स्क्रीनकडे बघत राहिले आणि "बघतो" म्हणाले. संध्याकाळी दुरुस्त रिपोर्ट गेला, त्यांच्या एकट्याच्या नावाने. माझं सेटअप ठीक होतं, हे त्या मीटिंगमधल्या कोणालाही आजवर कळवलेलं नाही.

तेव्हा तुम्ही असं काम करत असाल तर माझं ऐका. टेबल एका भाषेतून दुसरीत गेलं की दोन्हीकडे ओळी मोजा आणि एका रकान्याची बेरीज ताडून बघा. प्रत्येक वेळी. शक्य असेल तिथे टेबल मेमरीतून देऊच नका. पार्के फाइल लिहा आणि दुसऱ्या भाषेत ती वाचा, म्हणजे कोणती प्रत वापरली ते फाइलच्या वेळेवरून तरी दिसतं. सीएसव्ही वापरलीत तर कोडचे रकाने मजकूर म्हणूनच वाचा. आपल्याकडचे जनगणनेचे तालुका-कोड शून्याने सुरू होतात. पांडाज ते शून्य खातं, आरचं रीडर पॅकेज ठेवतं, आणि मग जोडताना कोड जुळत नाहीत. पिनकोडच्या रकान्यात एक जागा रिकामी असली तरी पांडाजमध्ये ४२१२०१ चं ४२१२०१.० होतं. नोटबुकमध्ये जुनं आउटपुट फाइलबरोबर सेव्ह होतं, म्हणून छापलेला आकडा ताजा समजू नका. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये खुलं केलेलं पॉलिनोट सेलला फक्त त्याच्या वरच्या सेलमधलं दाखवतं. ज्युपिटर तसं करत नाही, ती शिस्त आपणच पाळायची. बाकी बॅकअप ठेवा, व्हर्जन लिहून ठेवा, हे तुम्हाला माहीत आहेच. आणि शंका तोंडी सांगू नका, मेल करा. माझ्याकडे मेल असता तर त्या मीटिंगमध्ये मला गप्प बसावं लागलं नसतं.

कोणीही, कितीही सीनियर असो, तीन भाषांचं नोटबुक पाठवलं तर आधी रीस्टार्ट करून पूर्ण चालवलेली प्रत मागा. ती मिळेपर्यंत त्यातल्या आकड्यांखाली आपलं नाव घालू नका.