छापील अक्षर आणि संगणकाचे वाचन

छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीत वैशाली नगर नावाचा विभाग आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश ज्या राज्यात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना तेथे राजभाषेचा दर्जा होता. दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच. तथापि ‘वैशाली’ हे एकच नाव हिंदी आणि मराठी छपाईत परंपरेने अगदी सारखे दिसत नाही. मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा असतो. हिंदीतील वळणे निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून ही मराठी वळणे प्रमाण मानली. मनुष्य दोन्ही वळणे न अडखळता वाचतो. संगणक मात्र अडखळू शकतो. याचे कारण त्याच्या वाचनाच्या रीतीतच आहे.

संगणकापुढे पुस्तकाचे पान ठेवले, म्हणजे प्रथम त्याचे चित्र घेतले जाते. सामान्यतः एका इंचात ३०० बिंदू या प्रमाणात ते घेतात; म्हणजे एका चौरस इंचात ९०,००० बिंदू झाले. या अवस्थेत यंत्राजवळ अक्षर नसते. कोणता बिंदू किती काळा आणि किती पांढरा, एवढेच त्याला ठाऊक असते. पुढे पुष्कळ पद्धतींत ठरावीक मर्यादेहून गडद बिंदू शाई आणि बाकीचे कागद, अशी विभागणी होते. पहिल्या चुका येथेच जन्म घेतात. कागद पिवळा पडला असेल, तर डाग शाई ठरतो. छपाई फिकी असेल, तर बारीक रेघ कागदात विरून जाते. शिरोरेखेवर पडलेला धुळीचा कण अनुस्वार म्हणून वाचला जाऊ शकतो.

त्यानंतर यंत्र ओळी आणि शब्द वेगळे करते. रोमन लिपीच्या छपाईत अक्षरे बहुधा सुटी असतात; देवनागरीत शिरोरेखा त्यांना एकत्र बांधते. म्हणून जुन्या पद्धतींत शिरोरेखा शोधून ती तात्पुरती पुसत आणि मग खालची अक्षरे वेगळी करीत. शिवाय मात्रा व रफार रेखेच्या वर, उकार खाली आणि जोडाक्षरे एकमेकांत गुंतलेली. त्यामुळे हे काम अवघड ठरते. आर. एम. के. सिन्हा आणि एच. एन. महाबला यांनी देवनागरीच्या यांत्रिक वाचनावरील आपला निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. १९९७ मध्ये बी. बी. चौधुरी आणि यू. पाल यांनी बंगाली व देवनागरी या दोन्ही लिप्या वाचणारी पद्धती मांडली.

आजच्या अनेक पद्धती अक्षरे तोडून न घेता संपूर्ण ओळ क्रमाने तपासतात. ‘टेसरॅक्ट’ या मुक्त आज्ञावलीने २०१८ मधील चौथ्या आवृत्तीत हीच दिशा धरली. अशा यंत्राला ओळींची असंख्य चित्रे आणि त्यांचा शुद्ध मजकूर दाखवून शिकवितात. अर्थातच, जे वळण शिक्षणात आले नाही, ते त्याला अनोळखी राहते. केवळ हिंदी वळणावर शिकलेल्या यंत्राने मराठी ‘श’ किंवा ‘ल’ चुकविला, तर त्यात आश्चर्य नाही.

काही अक्षरे तर मुळातच शेजारी आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांत एका रेघेचाच भेद. ‘वै’वरील एक मात्रा पुसट झाली, की ‘वैशाली’ची ‘वेशाली’ होते. ‘भ’च्या माथ्याची गाठ शिरोरेखेला चिकटली, की ‘भिलाई’ची ‘मिलाई’ होते.

अशा वेळी यंत्र शब्दसंग्रहाचा आधार घेते. परंतु हा आधार दुधारी आहे. ‘मिलाई’ हा हिंदीत अर्थपूर्ण शब्द असल्याने चूक झाकलीच जाते. मराठीत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या पुस्तकातील ‘नांव’ यंत्राने नव्या शब्दसंग्रहाच्या आधारे ‘नाव’ केले, तर वाचन सुबोध होईल. पण मूळ पुस्तकाची साक्ष नष्ट होईल.

शंभरात नव्व्याण्णव अक्षरे बरोबर, हे प्रमाण कानाला उत्तम वाटते. परंतु २,००० अक्षरांच्या पानावर त्याचा अर्थ २० चुका असा होतो. कथा वाचणाऱ्यास त्या खपतील. मतदारांच्या यादीत, जमिनीच्या नोंदीत किंवा ग्रंथालयाच्या सूचीत मात्र एका अक्षराची चूक पुरेशी असते. संगणकात शोध घेताना ‘भिलाई’ असे लिहिले आणि सूचीत ‘मिलाई’ नोंदले गेले असेल, तर ते पुस्तक कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही.

म्हणून छापील मजकूर संगणकात उतरविणाऱ्या संस्थेने तीन गोष्टी सांभाळाव्यात. पानाचे मूळ चित्र मजकुराबरोबर जपावे. यंत्राला ज्या काळचे आणि ज्या भाषेचे पुस्तक द्यावयाचे, त्याच वळणाचे शिक्षण द्यावे. आणि नावे व आकडे मनुष्याच्या डोळ्यांखालून घालावेत. यंत्र वेगाने वाचते, न थकता वाचते. वाचलेले खरे आहे की नाही, हे मूळ पानाशी ताडून पाहण्याचे मुद्रितशोधकाचे जुने काम मात्र अद्याप संपलेले नाही.