मातीविना शेती आणि आमचे पावसाळी बेट

गडचिरोली जिल्ह्याला समुद्र नाही. पण पावसाळ्यात येथे बेटे तयार होतात. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. २०१९ च्या पावसाळ्यात पुरामुळे भामरागडचा संपर्क वारंवार तुटला. दुर्गम गावांत पावसाळ्यापूर्वीच रेशनचे धान्य पोचविले जाते ते याचसाठी. परंतु धान्य साठविता येते, हिरवी भाजी साठविता येत नाही. रानात तरोटा, वास्ते, सात्या मिळतात हे खरे. पण तरोटा लवकरच जून होतो, आणि परसातील मेथी-पालक साचलेल्या पाण्याने कुजून जातात.

अशा वेळी मातीविना शेतीचा विचार मनात येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये तिला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव दिले. पुढे लवकरच पॅसिफिक महासागरातील वेक बेटावर विमान कंपनीने या पद्धतीने भाजीपाला पिकविला. वनस्पतीला माती हवी असते ती आधारासाठी आणि क्षारांसाठी. या दोन्ही गोष्टी अन्य मार्गाने पुरविल्या, तर मातीवाचून भागते.

मी घरी दोन डब्यांत खडी भरून मेथी पेरली. पहिल्या डब्यात पाणी साचून राहिले. मुळे काळी पडून कुजली. दुसऱ्याच्या तळाला भोके होती. तेथे रोपे वाढली, पण पुढे पिवळी पडली. मुळांना हवाही लागते आणि नुसते पाणी म्हणजे अन्न नव्हे, हे दोन धडे मला मिळाले.

आज पाणी, क्षार मोजणारी आणि पंप आपोआप चालविणारी यंत्रे निघाली आहेत. पण पुरात वीजच गेली तर त्यांचा काय उपयोग? आपल्याला अधिक जवळची वाटते ती शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून कालिंपोंग येथे विकसित केलेली 'बंगाल पद्धत'. तीत खडी-वाळूच्या थरावर क्षार भुरभुरून वरून पाणी देतात; पंप लागत नाही.

आश्रमशाळेच्या उजेडाच्या पडवीत, पागोळ्यांपासून दूर, असे वाफे मांडता येतील. धान्याच्या गाडीतूनच क्षारांची पिशवी आणि बियाणे येऊ शकेल. या शेतीने पोट भरणार नाही, हे मी जाणतो. पण वाट बंद असताना मुलांच्या भाताशेजारी मूठभर हिरवी भाजी पडली, तर ते काही थोडे नव्हे!