टनेलवाल्या होडीला इंजिन किती वर बसवावे?



सुकतीला वाळवंटीचे पाणी उतरले की पंखा रेवेला लागतो. म्हणून काहीजण आऊटबोर्ड इंजिन सरळ वर उचलून बसवतात. पंखा वाचतो, पण इंजिन तापते. इंजिन थंड ठेवणारे पाणी खालच्या गिअरबॉक्सजवळच्या चिरांतून आत ओढले जाते. त्या चिरांत हवा शिरली की पाणी बंद!

साध्या होडीत पंख्यावरची आडवी प्लेट साधारण तळाच्या पातळीला ठेवतात. टनेलवाल्या होडीत मात्र चालताना पाणी टनेलात वर चढते, म्हणून इंजिनही थोडे वर घेता येते. ते असे करा:

१. होडी काठावर घ्या. टनेलच्या छताला मागच्या टोकाशी सरळ पट्टी लावा. प्लेट त्याच पातळीला ठेवून सुरुवात करा.

२. भरतीला, खोल पाण्यात, जाळी आणि माणसे असे नेहमीचे वजन घेऊन चालवून बघा.

३. सगळे ठीक असेल तर बोल्टचे एकच भोक वर घ्या आणि परत चालवा. इंजिन हलवताना ते बंद हवे, आणि दोघेजण हवेत.

४. आवाज चढतो पण होडी ओढत नाही, किंवा वळताना पंखा नुसताच फिरतो? एक भोक खाली घ्या.

५. मागे पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर ठेवा. धार बारीक झाली किंवा तुटली तर इंजिन लगेच बंद करा.

वाकलेला पंखा बदलता येतो. तापून जाम झालेले इंजिन म्हणजे हंगामच गेला. शंका असल्यास संस्थेत या, आपण मिळून बघू.